पैरा फिटला नाही

सांगलीच्या एका प्राध्यापकांनी मला फसवलं. बाजारात अनोळखी माणूस फसवतो तसं नाही. माझ्या घरी जेवून, माझ्या ओळखीच्या रानात चिखल तुडवून, मला शेवटपर्यंत ‘सर’ म्हणत फसवलं. ठरल्याप्रमाणे यंदाची पाळी माझी होती. ती त्यांनी येऊ दिली नाही, आणि आता ती येणारही नाही.

मी कराडजवळच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. राहायला मलकापुरात आहे, गाव आष्ट्याजवळ. वडील फौजेत होते, त्यामुळे आमची जमीन आईने कसली. बाईमाणूस एकटं ऊस पिकवतं ते पैऱ्यावर. आमच्या भागाबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं म्हणून सांगतो: पैरा म्हणजे आज मी तुझ्या रानात राबतो, उद्या तू माझ्या रानात यायचं. लावणीला, भांगलणीला, काढणीला. मजुरी कुणी द्यायची नाही, कुणी मागायची नाही. साक्षीदार नाही, कागद नाही. एकदा आईच्या अंगात ताप होता, तरी ती खुरपं घेऊन निघाली. मी म्हटलं, आज नको जाऊस. ती म्हणाली, “पैरा फेडायचा हाय. ताप माझा, त्यांचा न्हवं.”

बाकी सगळ्या व्यवहारात मी लेखी घेतल्याशिवाय पाऊल उचलत नाही. कॉलेजात शिकत असताना मी सांगलीच्या एका हळदीच्या अडत दुकानात काम केलं. गिऱ्हाईक खोटं बोलायला लागलं की आधी कुठं बघतं, हे तिथं शिकलो. घासाघीस करायची मला लाज वाटत नाही. जे मिळालं ते मी भांडून मिळवलं, नोकरीसुद्धा. असा माणूस फसतो कसा, असं मला ओळखणारे विचारतात. त्याचं उत्तर पैरा हेच आहे. मी त्यांच्याशी सौदा केला असता तर फसलो नसतो. मी पैरा केला.

संशोधनासाठी निधी मिळवणं हा प्रकार बाहेरच्यांना वाटतो तसा नसतो. त्यांना वाटतं, प्राध्यापकाला कल्पना सुचते, सरकार पैसे देतं. आमच्यासारख्या कॉलेजात आधी परिपत्रकच उशिरा येतं. ते प्राचार्यांच्या टेबलावर दुसऱ्या परिपत्रकांखाली पडतं, आणि आपल्या हातात येतं तेव्हा मुदत संपत आलेली असते. मग वेबसाइट उघडत नाही. उघडली तर संस्थाप्रमुखाचं पत्र लागतं, आणि संस्थाप्रमुख लग्नाला गेलेले असतात. त्यात परीक्षेची पर्यवेक्षणं आहेत, मतदार याद्यांचं काम आहे, आणि दर्जा तपासायला समिती येणार म्हटलं की तेच प्राचार्य विचारतात, “सर, तुमच्या विभागात प्रकल्प का नाहीत?” माझे प्रस्ताव एकामागून एक परत आले. शेरा बहुतेक एकच असायचा: संशोधकाचा पूर्वानुभव अपुरा. अनुभव प्रकल्प मिळाल्यावर येणार आणि प्रकल्प अनुभव असल्यावर मिळणार. अडत दुकानात असं बोलणाऱ्याला आम्ही उठवून लावलं असतं.

अशा दिवसांत साताऱ्याला एका चर्चासत्रात सांगलीचे सर भेटले. माझ्याच वयाचे. शहरातल्या शिकल्यासवरल्या घरातले, इंग्रजी वाहत्या पाण्यासारखं. क्षारपड जमिनीवर माझं छोटंसं भाषण होतं. कृष्णाकाठी वर्षानुवर्षं पाणी पाजून जमिनी चिबडल्या, वर मीठ फुटलं, ऊस पिवळा पडायला लागला, हे मी लहानपणापासून पाहत होतो. भाषण संपल्यावर ते चहाचा कप घेऊन माझ्याकडे आले.

“सर, तुमच्याकडे रान आहे आणि आकडे आहेत. माझ्याकडे भाषा आहे आणि दिल्लीत चार ओळखी. एकत्र का नाही येत आपण?”

“येऊ की,” मी म्हटलं. “पण मुख्य संशोधक कोण?”

“पहिल्यांदा मी. माझ्या नावावर आधीचे प्रकल्प आहेत, त्यामुळे मंजूर होईल. तुम्ही सहसंशोधक. त्यातून तुमचा अनुभव तयार होईल. पुढचा तुमच्या नावावर, मी तुमच्या हाताखाली.”

“म्हणजे पैरा.”

त्यांना शब्द माहीत नव्हता. मी समजावून सांगितला. ते इतके खूश झाले की कप खाली ठेवून त्यांनी माझा हात हातात घेतला. “वा! काय शब्द आहे! झालं तर मग, पैरा.”

मी कागद मागितला नाही. पैऱ्याला कागद मागणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर थुंकणं.

प्रस्ताव मी लिहिला, त्यांनी त्याचं इंग्रजी सुधारलं, आणि खरोखरच मंजूर झाला. रान कुणाचं घ्यायचं हा प्रश्न नव्हता. आमच्या गावी फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार आहेत. वडिलांचे दोस्त. त्यांच्या नदीकडच्या तुकड्यात मीठ असं फुटायचं की उन्हात लांबून तळं असल्यासारखं दिसायचं. तिथं जमिनीखाली भोकांचे पाइप पुरून मिठाचं पाणी ओढ्याला काढायचं आणि जमीन कशी सुधारते ते मोजायचं, असं काम होतं. मी विचारायला गेलो तर सुभेदार बाजेवरून उठले पण नाहीत.

“कर की. तसं बी तिथं आता काय उगवतंय? गवात बी रुसलंय. पर काम पक्कं पायजे. अर्धवट सोडून पळालास तर कोर्ट मार्शल.”

मातीचं मीठ मोजायचं यंत्र घ्यायचं ठरलं, तेव्हा पुण्याच्या विक्रेत्याशी बोलायला सरांनी मलाच पुढं केलं. तो माणूस टाय लावून आला होता. मी त्याला दुपारभर बसवून ठेवला. तो शेवटी वैतागून म्हणाला, “सर, ही भाजी नाही हो.”

“भाजी असती तर बरं झालं असतं,” मी म्हटलं. “ती ताजी का शिळी एवढं तरी कळतं. तुमच्या डब्याला नाक लावून काय कळणार?”

सर हसून हसून लाल झाले. यंत्र आमच्या म्हणण्याप्रमाणे मिळालं, आणि नियमाप्रमाणे मुख्य संशोधकाच्या कॉलेजात, म्हणजे सांगलीला बसलं. मातीच्या पिशव्या मोटरसायकलला बांधून मी आष्ट्यावरून सांगलीला न्यायचो, तिथं तपासायचो, आणि संध्याकाळच्या एसटी-ट्रकांच्या गर्दीतून गाडी काढत परत यायचो. हे सगळं मी कुरकुर न करता केलं. दुसऱ्याच्या रानात असताना आपल्या रानाचा विचार करायचा नाही, असं आई सांगायची. सर शेताकडे यायचे ते पाहुणे आल्यावर. पण आले की चिखलात उतरायचे, खोटं कशाला बोलू. एकदा पाय रुतून बसला आणि सुभेदारांनी त्यांना बखोटीला धरून बाहेर काढलं. “परफेसर, बूट आत ऱ्हायला. ऱ्हाऊ द्या, उगवला तर कळवतो.”

जमीन सुधारली. दोन पावसाळे गेल्यावर तिथं ऊस हिरवा उभा राहिला. सरांची भाषणं वाढली. एका भाषणाला मीही मागच्या रांगेत होतो. पडद्यावर सुभेदारांचं रान, आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘पैरा’. सर सांगत होते, “आमच्या कृष्णाकाठी ही सुंदर परंपरा आहे. संशोधनसुद्धा असंच करावं लागतं.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मनात म्हटलं, चला, भरल्या सभेत कबूल झालं, आता कागद नसला तरी चालेल.

माझ्या पाळीच्या प्रकल्पाचा प्रश्न मला सुभेदारांमुळे सापडला. एका सकाळी ते बांधावर उभे होते, नेहमीसारखे बोलत नव्हते.

“काय झालं?”

“आपली जिमीन सुदारली. पर खालच्या रानातल्या पाव्हण्याची हीर मचूळ झालीया. ओढ्याकडंला हाय न्हवं त्येची हीर. जनावरं त्वांड लावंनात पाण्याला. तो मला काय बोलत न्हाई, पर बगतो तर. आता बांधाला बांध हाय, गड्या. त्याला त्वांड कसं दावायचं?”

मी त्या विहिरीचं पाणी घेऊन गेलो. खरंच खारावलं होतं. आम्ही एका रानातलं मीठ काढून दुसऱ्याच्या दारात टाकलं होतं, आणि वर भाषणं देत होतो. पहिल्या प्रकल्पात हा प्रश्नच नव्हता. जमीन सुधारली की आमचं काम संपत होतं. मला आता ओढ्याचा माग काढायचा होता. निचऱ्याचं पाणी कुठं कुठं जातं, कुणाची विहीर घेतं, आणि मीठ वाटेत अडवता येईल का. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला असा प्रश्न मिळाला जो कुणाच्या पुस्तकातून आला नव्हता. आणि वेळ कमी होता. मुख्य संशोधक व्हायचं तर प्रकल्पाच्या मुदतीइतकी नोकरी शिल्लक असावी लागते. माझी कशीबशी तेवढी उरली होती. ही खेप गेली की मी आयुष्यभर सहसंशोधकच, हे मला माहीत होतं. सरांनाही माहीत होतं. त्यांची माझ्याहून थोडी जास्त उरली होती.

प्रस्ताव घेऊन मी सांगलीला त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी भडंग आणि चहा ठेवला. सरांनी सगळा प्रस्ताव शांतपणे वाचला. ओढ्याच्या नकाशावर बोट फिरवत त्यांनी विचारलं, “हा प्रश्न आपल्या पहिल्या कामात कसा राहून गेला?”

“राहून गेला नाही. तेव्हा विहीर गोडी होती.”

ते हसले. मग चष्मा काढून म्हणाले, “सर, एक अडचण आहे. तुमच्या प्रस्तावात सहसंशोधक म्हणून माझं नाव नको. या योजनेच्या छाननी समितीवर मला घेतायत. नाव असलं तर मला तुमच्या वेळी उठून बाहेर जावं लागेल. नसलं तर मी आत असेन.”

“आत असून काय कराल?”

“पैरा फेडेन.”

हा शब्द त्यांनी स्वतःहून उच्चारला. आता माझ्या रानात माणूस उतरला असं मला वाटलं. मी तिथंच त्यांचं नाव काढलं, आणि बायकोसाठी भडंगाचा पुडा घेऊन घरी आलो.

समितीपुढचं ऑनलाइन सादरीकरण मोबाइलवरून नको म्हणून मी प्रयोगशाळेत संगणकापुढे बसलो. दार लावून घेतलं, पंखा बंद केला, आवाज येऊ नये म्हणून. पडद्यावर चौकोन चौकोन उघडले. एका चौकोनात सर होते, मागं त्यांच्या घरातलं तेच पुस्तकांचं कपाट. माझं बोलणं बरं झालं. अध्यक्षबाईंनी मान डोलावली. मग त्या म्हणाल्या, कुणाला काही विचारायचं आहे का?

सर खाकरले. सफाईदार इंग्रजीत म्हणाले, सादरीकरण चांगलं आहे, पण याच भागात, याच शेतावर, आमचा एक प्रकल्प चालू आहे. त्यात हे सगळं येतंच. मग यात नवीन काय?

आधी मला वाटलं, ते मुद्दाम विचारतायत, मला खुलासा करायची संधी देतायत. मी इंग्रजीत सांगायला लागलो: त्यात जमीन होती, यात ओढा आहे. त्यांनी परत तेच विचारलं. शांतपणे, हसतमुखाने. तेव्हा मला कळलं. अडत दुकानात मी हजार चेहरे वाचले, हा एक वाचायचा राहिला होता.

“सर, हे तुम्ही विचारताय?” मी मराठीत ओरडलो. “नकाशावर बोट ठेवून बघितलंत की तुम्ही! खालची विहीर तुमच्या प्रकल्पात कुठं आहे? दाखवा! कुठं आहे?”

अध्यक्षबाई काहीतरी म्हणाल्या. मी बोलतच राहिलो. थोड्या वेळाने लक्षात आलं, चौकोनातली माणसं माझ्याकडे बघत नव्हती. कुणीतरी माझा आवाज बंद केला होता. मी प्रयोगशाळेत बेसिनच्या नळाला ऐकवत होतो.

निकाल आला: प्रस्तावित काम चालू प्रकल्पाशी मिळतंजुळतं असल्यामुळे शिफारस नाही. ज्या चालू प्रकल्पाशी ते मिळतं होतं, त्यातली मातीची प्रत्येक पिशवी मी वाहिली होती. माझ्याच कामाने माझं काम मारलं.

घरी बायकोला सांगितलं. ती शाळेत गणित शिकवते. हिशोब पहिल्यांदा बघते.

“म्हणजे ते आत बसणार म्हणून तुम्ही नाव काढलंत. मग तो वशिलाच झाला की.”

“वशिला नव्हे. पैरा.”

“आत बसलेल्या माणसाचा पैरा? मग तो तुमच्याच रानात उतरंल कशावरून? त्याचं पण रान तिथंच होतं.”

मी जेवणाच्या ताटावरून उठलो. बोललो असतो तर भांडण झालं असतं, आणि त्या आठवड्यात भांडायचं त्राण माझ्यात नव्हतं.

चिडका म्हणून माझी ख्याती आहे. त्यामुळे मी जाऊन त्यांची कॉलर धरली असेल असं कॉलेजात सगळ्यांना वाटलं. मी गेलो नाही. माणूस दमतो. वेबसाइटने दमतो, पत्रांनी दमतो, ‘पुढच्या वेळी बघू’ने दमतो. मला पुढची वेळ नव्हती. मी तास घेत राहिलो, पर्यवेक्षण करत राहिलो. कपाटात ओढ्याचा नकाशा गुंडाळून ठेवला आणि त्यापुढे रिकाम्या बाटल्या लावल्या, दिसू नये म्हणून.

मग गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. आवाज तोच, गोड.

“सर, आनंदाची बातमी. आपल्या प्रकल्पाला दुसरा टप्पा मंजूर झाला. मुदत वाढली. निचऱ्याच्या पाण्याचा माग, खालच्या विहिरी, सगळं घेतलंय यात. तुम्हाला आवडेल असंच काम आहे.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“सहसंशोधक म्हणून तुमचं नाव धरतोय. तुमच्याशिवाय फील्ड कोण बघणार? सुभेदार आमचं कुठलं ऐकायला!”

“यात नवीन काय?” मी विचारलं.

“काय म्हणालात?”

“समितीत तुम्ही विचारलंत ना, यात नवीन काय. ते विचारतोय.”

सर खाकरले. मग ते म्हणाले, “सर, त्या दिवशी मला काहीतरी विचारणं भागच होतं. गप्प बसलो असतो तर संशय आला असता. आणि शेवटी काम होतंय ना? कुणाच्या नावावर होतंय, याला काय महत्त्व?”

महत्त्व नसेल तर माझ्या नावावर का नाही झालं, हे विचारायच्या आत त्यांना दुसरा फोन आला.

त्यानंतरच्या रविवारी मी गावी गेलो. सुभेदारांना सगळं सांगितलं. ते बाजेवर बसून ऐकत होते. ऊस तोडणीला आला होता, आणि ओढ्यापलीकडं त्या पाहुण्याची विहीर होती. मोटर काढून नेलेली, तोंडावर काटेरी फांद्या टाकलेल्या.

“आता तू काय करनार?” सुभेदारांनी विचारलं.

“माहीत नाही. नाही म्हटलं तर काम तसंच राहील. ते काही ओढ्यात उतरत नाहीत.”

“आनि व्हय म्हनलास तर?”

“तर परत त्यांच्याच रानात.”

सुभेदार बाजेवरून उठून बांधाकडं बघायला लागले. मग म्हणाले, “गड्या, पैरा बुडिवनाऱ्याला आमी मारत न्हाई. फकस्त त्येच्या बांधावर जाऊन इचारतो, समद्यांच्या म्होरं. कवा येतुयास रं? येवडंच. लय मानसं तेवड्यावर खाली मान घालून येत्यात.”

संमतीपत्रावर मी अजून सही केलेली नाही. करणारही नाही, निदान एका प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत. हे मी छापायला देतोय ते त्यासाठीच. माझा बांध आता हाच आहे.

सांगलीचे सर, तुम्ही हे वाचाल. तुम्ही सगळं वाचता. माझ्या घरी बसून पैऱ्याची भाकरी खाल्लीत, तो शब्द पडद्यावर मोठ्या अक्षरांत लावून टाळ्या घेतल्यात, आणि माझी पाळी आली तेव्हा माझ्याच प्रश्नाला ‘नवीन काय’ म्हणालात. तो प्रश्न तेव्हा जुना होता, तर आज तुमच्या नावावर नवीन कसा झाला? मला फोनवर सांगू नका, आणि माझा आवाज बंद करून तर मुळीच नको. सुभेदारांच्या बांधावर या, त्या मचूळ विहिरीकडे तोंड करून उभे राहा, आणि चार माणसांसमोर उत्तर द्या: पैरा कवा फेडणार?